मेलं जनावर आणि आपली कविता

गेल्या अंकात माझी एक कविता छापून आली. तिच्यात मेलेलं ढोर होतं, आभाळात गिधाडं होती, दोर होता, आणि तो दोर ओढणारे 'आम्ही' होतो. चार मित्रांनी पाठ थोपटली. एकानं तर 'जळजळीत' म्हटलं. आज मी त्याच कवितेवर लिहायला बसलो आहे. दुसऱ्याच्या कवितेवर दगड भिरकवायचा असेल तर पहिला दगड आपल्याच कवितेवर मारून बघावा. ती फुटते का टिकते ते तरी कळेल.

झालं असं. मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. रात्रपाळी करून सकाळी कामठीला घरी आलो. डोळ्यांत झोप, केसांत रुई. अंगणात बघतो तर कुंपणाच्या आत एक कुत्रं मरून पडलेलं. मोकाट. कोणाचंच नाही. रात्री कधीतरी आत शिरलं आणि आमच्या जागेत मेलं. माश्या बसायला लागल्या होत्या. माय म्हणाली, फोन कर. ज्या कचेरीचं हे काम आहे तिथं फोन केला. दुपारी एक पोरगा आला, माझ्याच वयाचा. हातात लोखंडी आकडा आणि एक दोर. हातमोजे नाहीत, पायात साधी चप्पल. ठेक्यावर होता. आडनाव सांगितलं तेव्हाच बाकीचं कळलं. बापही हेच काम करायचा म्हणाला.

आणि मी काय केलं? मी नाकाला रुमाल लावून दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "भाऊ, जरा लवकर."

त्यानं वर बघितलं नाही. फास केला, मागच्या पायात अडकवला, ओढत नेलं. मातीत एक रेघ राहिली. माझी आजी ओसरीवर बसून होती. तिचं वय ऐंशीच्या वर. ती म्हणाली, "काऊन रे, नाकाले रुमाल कायले लावतं? तुह्या कवितेत तं लय ढोरं वास मारतेत."

मित्रांनो, समीक्षा म्हणतात ती हीच. विद्यापीठात बसून कोणी एवढी नेमकी समीक्षा केली असेल तर मला दाखवा.

त्या दिवसापासून मी एक प्रश्न घेऊन बसलो. आपल्या साहित्यात मेलं जनावर एवढं येतं, ते कोणाच्या दारात पडलेलं असतं? उचलतं कोण? आणि सांगतं कोण? या तीन प्रश्नांच्या चाळणीतून मी जे वाचलं-पाहिलं ते गाळून बघतो. मी मॅट्रिकच्या पुढं शिकलेलो नाही. जे वाचलं ते वाचनालयात आणि उसनं मागून वाचलं. त्यामुळं माझी चाळणी घरगुती आहे, पण भोकं सारखी आहेत.

पहिली गोष्ट प्रेमचंदांची, 'सद्गति'. १९३१ सालची. दुखी चमार मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढायला पंडिताकडं जातो. पंडित त्याला उपाशीपोटी राबवतो, लाकडाचा ओंडका फोडायला लावतो, आणि दुखी तिथंच मरतो. आता प्रेत पंडिताच्या जागेत. चमारटोलीतले लोक उचलायला येत नाहीत. शेवटी पंडित पहाटे दोराचा फास करतो, प्रेताच्या पायात अडकवतो आणि हात न लावता गावाबाहेर ओढत नेतो. मग आंघोळ, मग गंगाजल शिंपडणं. शेतात कोल्ही-गिधाडं दुखीला खातात. सत्यजित राय यांनी १९८१ मध्ये यावर दूरदर्शनसाठी चित्रपट केला. ओम पुरी दुखी झाले होते, मोहन आगाशे पंडित.

ही गोष्ट मोठी आहे हे मी मान्य करतो. माणसाचं ढोर कसं होतं ते एका फासात दिसतं. आणि आयुष्यात एकदा तरी दोर पंडिताच्या हातात येतो. पण माझ्या चाळणीत काही खडे उरतात. सगळ्यात मोठं हत्यार आहे ते चमारटोलीच्या नकाराचं. ते प्रेमचंदांनी दोन-चार ओळींत उरकलं. तो नकारही टोलीच्या पोटातून आलेला नाही. एक गोंड येऊन पोलिसाची भीती घालतो म्हणून ते थांबतात. दुखी तर मरेपर्यंत पंडिताला देवच मानतो. लेखकाला दुखीची दया येते, आणि दया आली की माणूस मेलेलाच बरा वाटतो. जिवंत माणूस नकार देतो, बोलतो, भांडतो. मग त्याची दया कशी करायची?

आणि तारखा बघा. 'सद्गति' १९३१ ची. त्याच्या चार वर्षं आधी, १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली होती. चवदार तळ्याची परिषद म्हणून आपण ती ओळखतो. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, आणि परिषदेनं स्पृश्यांना बजावलं की तुमची मेलेली जनावरं तुम्हीच पुरा. पाण्याचा ठराव सगळ्यांना पाठ आहे. मढ्याचा ठराव आपण विसरलो. मला वाटतं दोन्ही एकाच हाताची बोटं आहेत. तळ्याचं पाणी आम्ही घेऊ आणि तुमचं मढं तुम्ही घ्या, असा तो सरळ व्यवहार होता.

१५ ऑक्टोबर १९५६ ला, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, बाबासाहेब नागपुरात बोलले. कामठीहून नागपूर पंधरा-सोळा किलोमीटर. आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं त्या गर्दीत होती. त्या भाषणात बाबासाहेबांनी 'केसरी'त आलेल्या एका हिशोबाची गोष्ट सांगितली. ढोर ओढणं सोडलं तर महारांचं चामडं, शिंगं, हाडं यांचं किती नुकसान होतं, असा तो हिशोब. बाबासाहेबांचं म्हणणं थोडक्यात असं की एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या. मला हे उत्तर कुठल्याही कवितेपेक्षा मोठं वाटतं. त्यात रडणं नाही. ज्याचं जनावर त्याच्या दारात त्यांनी ते परत नेऊन ठेवलं.

आजीचा बाप मौदा तालुक्यातल्या एका खेड्यात होता. ती सांगते, "माह्या बापानं छप्पन सालापासून ढोर ओढणं सोडलं. गावानं चार महिने काम नाई देल्लं. पण तवापासून ज्याचं ढोर त्यानंच ओढलं." आणि दोराचं काय झालं विचारलं तर म्हणाली, "काय होणार? कापून बकऱ्याईचे दावे केले." माझ्या कवितेत मी तो दोर पेटवून दिला असता. मशाल केली असती. पणजोबानं बकऱ्या बांधल्या. आता सांगा, कोणाचा दोर खरा?

दुसरं पुस्तक, दया पवारांचं 'बलुतं', १९७८. महारवाड्यात मेल्या जनावराचं मांस कसं यायचं, कसं वाटलं जायचं, हे त्यांनी लपवलं नाही. तेव्हा आपल्यातलेच काही शिकलेले लोक चिडले, की घरातली घाण चव्हाट्यावर कशाला? मला उलट वाटतं. 'बलुतं'त उचलणारा आणि सांगणारा एकाच घरातला आहे, म्हणून तिथं दया नाही आणि शोभाही नाही. भूक आहे, आणि भूक भागली तर त्या दिवसापुरता आनंदही आहे. पोट भरल्याचा आनंद खोटा कसा म्हणणार? शाहू पाटोळेंनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ मध्ये लिहिलं. त्यात मराठवाड्यातल्या दलितांच्या चुलीवर काय शिजत होतं ते कृतीसकट आहे, चान्या म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, त्याही आहेत. ज्यांना वाटतं पाककृती म्हणजे साहित्य नव्हे, त्यांनी ते वाचावं. मीठ किती, ऊन किती दिवस, एवढंच सांगून पाटोळे सगळी गावरचना सांगून जातात.

हिंदीत ओमप्रकाश वाल्मीकींचं 'जूठन' आहे, १९९७ चं. शाळेत जाणारा पोरगा काकाबरोबर ढोर सोलायला जातो, कातड्याचं ओझं डोक्यावर घेऊन येतो, आणि शाळेतली पोरं बघतील या भीतीनं अर्धा होतो. घरी वहिनी म्हणते, याला यात ओढू नका, उपाशी राहू पण याला नको. त्या वहिनीचं नाव कुठल्या परिषदेच्या ठरावात नाही. पण ठराव तिचाच आहे. आपल्या कवितेत असल्या वहिन्या कुठं आहेत? आपल्या कवितेत आई येते ती मोळी वाहायला आणि मरायला. ठराव करायला येत नाही.

तिसरा, नागराज मंजुळेंचा 'फँड्री', २०१३. इथं जनावर मेलेलं नाही, मोकाट डुक्कर आहे. गावाला त्याचा विटाळ होतो आणि ते पकडायचं काम कैकाड्याच्या कचरू मानेचं. आख्खं घर डुकरामागं धावतं आणि गाव शाळेजवळून मजा बघतं. राष्ट्रगीत सुरू होतं तेव्हा सगळे जागच्या जागी उभे राहतात आणि डुक्कर निघून जातं. शेवटी पकडलेलं डुक्कर काठीला बांधून नेतात, मागं शाळेच्या भिंतीवर महापुरुषांची चित्रं. आणि जब्याचा दगड येतो तो सरळ आपल्या तोंडावर. थेटरात लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला वाटलं तो दगड दुसऱ्या कोणाला होता. कुत्र्याच्या दिवशी कळलं, बघणाऱ्याच्या रांगेत मीही होतो. दारात, रुमाल लावून.

आता आपल्या कवितेकडं येतो. 'आपल्या' म्हणजे माझ्या आणि माझ्या वयाच्या दोस्तांच्या. राग धरू नका.

एक. आपल्या कवितेत गिधाडं फार. मी कामठीत जन्मलो, कन्हानच्या काठानं वाढलो. कामठीच्या आभाळात मी गिधाड पाहिलेलं नाही. गिधाडं गेली. जनावरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक नावाचं औषध देत होते. ते अंगात असलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. १९९० नंतर देशातली बहुतेक गिधाडं अशीच संपली. सरकारनं २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद केलं, तोवर उशीर झाला होता. आता मेलं ढोर पडून राहतं, कुत्री वाढतात, कुत्र्यांबरोबर पिसाळण्याचं भय वाढतं. जे काम गिधाडं फुकट करत होती ते आता ठेक्यावरचा पोरगा करतो. आणि आपण अजून गिधाडांवरच ओळी पाडतो, कारण आपल्या आधीच्या कवींनी पाडल्या. त्यांनी पाहिली होती. आपण फक्त वाचली. उसनी गिधाडं कवितेत आणणं आणि उसनी चांदणी रात्र आणणं, यात फरक काय? सदाशिवपेठी कवीला आपण ज्यासाठी हसतो तेच आपण करतो.

दोन. आपलं मेलं ढोर नेहमी 'व्यवस्था' असते. व्यवस्थेचं मढं, संस्कृतीचं मढं, लोकशाहीचं मढं. एवढी मढी उचलून उचलून खरं मढं हातातून सुटलं. खरं मढं बघा ना. महाराष्ट्रात १९७६ चा कायदा गाईपुरता होता, २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. भाकड, म्हातारं जनावर विकलं जात नाही म्हणून सोडून दिलं जातं. ते रस्त्यावर प्लास्टिक खातं, कुठंतरी पडून मरतं. कोणाच्या तरी प्लॉटमध्ये, कोणाच्या तरी दुकानापुढं. त्याच्या पोटातून पिशव्या निघतात. कवितेला याच्याहून जास्त काय पाहिजे? पण त्यासाठी वाकून बघावं लागतं.

तीन, आणि हे सगळ्यात कडू. आपल्या कवितेतला 'आम्ही' खोटा झाला आहे. दोर ओढणारे 'आम्ही' असं मी लिहिलं. माझा पणजोबा ओढत होता. माझा आजा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये होता. १८७७ मध्ये सुरू झालेली ती मिल २००२ मध्ये बंद पडली. आमच्या नागपूरकडचे बरेच महार मुळात जाडंभरडं कापड विणणारे, म्हणून मिलमध्ये गेले. मी गिरणीत आहे. तीन पिढ्या झाल्या, आमच्या घरात कोणी ढोर ओढलेलं नाही. हे बाबासाहेबांचं देणं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. मग कवितेत मी तो दोर पुन्हा हातात का घेतो? टाळी मिळते म्हणून. आणि ज्याच्या हातात दोर आज खरंच आहे त्याला म्हणतो, भाऊ, जरा लवकर. आम्ही दोर सोडला तेव्हा तो जमिनीवर पडून राहिला नाही. तो आमच्या खालच्या म्हणवल्या जाणाऱ्याच्या हातात गेला. बाबासाहेबांना हे नको होतं. त्यांनी सांगितलं होतं ज्याचं त्यानं पुरावं. त्यांनी असं सांगितलं नव्हतं की मेहतराला बोलवा.

कायदा काय म्हणतो तेही बघितलं. मुंबई महानगरपालिकेचा १८८८ चा कायदा आहे. जागेत जनावर मेलं तर तिथं राहणाऱ्यानं तीन तासांत वर्दी द्यायची, रात्री मेलं तर दिवस उगवल्यापासून तीन तासांत. उचलून नेण्याची तजवीज आयुक्तानं करायची. चांगलं आहे. पण आयुक्त काही आकडा घेऊन येत नाही. कायद्यात 'तजवीज' लिहिलं आहे, त्या तजविजीला जात आहे हे लिहिलेलं नाही. हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये आला, त्याच्या व्याख्येत माणसाचा मैला आहे, मेलं जनावर नाही. म्हणजे हा पोरगा कायद्याच्या दोन पानांच्या मधल्या फटीत उभा आहे, चप्पल घालून.

आणि कोणी म्हणेल हे जुनं झालं, तर ऐका. १५ ऑक्टोबर २००२, हरयाणातलं झज्जरजवळचं दुलिना. गाईच्या कातड्यावरून पाच दलितांना जमावानं ठार मारलं. ११ जुलै २०१६, गुजरातमधलं उना. मोटा समढियाळाच्या पोरांना मेली गाय सोलताना पकडलं, गाडीला बांधून फोडलं आणि त्याची फिल्म केली. म्हणजे उचललं तरी मार आणि नाही उचललं तरी मार. पण मग काय झालं? सुरेंद्रनगरला लोकांनी मेलेली ढोरं गाड्यांत भरली आणि कलेक्टर कचेरीपुढं आणून टाकली. म्हणाले, तुमची माता, तुम्हीच करा क्रियाकर्म. कितीतरी ठिकाणी लोकांनी ढोरं उचलणं बंद केलं. मी म्हणतो, त्या वर्षातली सगळ्यात चांगली दलित कविता ती होती. तिला छंद नव्हता, छापखाना नव्हता. महाडचा ठराव एकोणनव्वद वर्षांनी कलेक्टरच्या दारात वाचला गेला. 'सद्गति'त जे दोन-चार ओळींत उरकलं होतं ते इथं पूर्ण लिहून झालं.

मग आपण काय करायचं? समीक्षेनं हे सांगू नये असं शहाणे लोक म्हणतात. मी शहाणा नाही.

कुत्र्यानंतर दोन महिन्यांनी, पावसाळ्यात, आमच्या मागच्या अंगणात डुकराचं पिल्लू मेलेलं सापडलं. मी फोन काढला आणि परत खिशात ठेवला. हातमोजे आणले, फावडं घेतलं, शेजारच्या दोस्ताला हाक मारली. आजी एकदम उठली. "बाबासायबानं सोडाले सांगतलं, अन तू हात लावतं?" ती चिडली होती, डोळ्यांत पाणी होतं. मी गप्प झालो. कारण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. तिच्या बापानं चार महिने भुकेनं काढले ते याच्यासाठी नव्हते.

मग मी तिला म्हणालो, "आजी, बाबासाहेबांनी दुसऱ्याचं ओढू नका म्हटलं. हे आपल्या जागेत आहे. आपलं आपण पुरलं तर ते गुलामीचं काम होत नाही. दुसऱ्याला बोलावून ओढायला लावलं तर मात्र आपण गावचे पाटील झालो." ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "गड्डा लहान नोको करू. कुत्रे उकरतेत."

तीन हात खोल खणलं, विहीर आणि बोअरपासून लांब. वर चुना टाकला, माती दाबली. कुत्रं असतं तर त्याच्या लाळेला हात लागू दिला नसता, पिसाळलेलं आहे की नाही सांगता येत नाही. मोठं ढोर असतं आणि नाकातोंडातून काळं रक्त आलं असतं तर काळपुळीच्या भीतीनं त्याला फाडलं नसतं, गुरांच्या डॉक्टरला आधी कळवलं असतं. हे सगळं मी कवितेच्या मासिकात लिहितो आहे. हसा. पण आपल्या एका तरी कवितेत एवढी माहिती आहे का?

ज्याला अंगण नाही, ज्याच्या खोलीपुढं नालीच आहे, त्यानं कचेरीला कळवावंच. ते काम कचेरीचंच आहे. पण जो पोरगा येईल त्याच्याबरोबर उभं राहावं, दुसरं टोक धरावं, पाणी द्यावं, घरातल्याच पेल्यात द्यावं. आणि कचेरीला लिहून विचारावं, याला हातमोजे का नाहीत, बूट का नाहीत, गाडी का नाही, ठेका का आहे, आणि या कामाला एकाच मोहल्ल्यातली माणसं का येतात? बाबू हरदास एल. एन. याच कामठीत जन्मले. ते विडी कामगारांची संघटना बांधत होते आणि १९३७ मध्ये निवडून मध्य प्रांताच्या विधिमंडळात गेले. आपण 'जय भीम' म्हणतो, तो अभिवादनाचा शब्द त्यांनी रुजवला. ठेक्यावरच्या त्या पोराला मी अजून जय भीम घातलेला नाही. आता भेटला की घालणार आहे.

राहता राहिली माझी कविता. पहिल्या दगडात ती फुटली. संपादकांना विनंती आहे, ती कुठल्याही संग्रहात घेऊ नये. दुसरी लिहीन तेव्हा तिच्यात तीन गोष्टी असतील का ते तुम्ही तपासा: मढं कोणाच्या दारात आहे, उचलतो कोण, आणि सांगणारा कुठं उभा आहे. माझ्या हातात रुमाल दिसला तर कविता परत पाठवा.

जय भीम.